संगणकाला बोर्ड दिसत नसेल तर कोठून सुरुवात करावी

"सर, बोर्ड गेलंय की ओ," असे म्हणत खानापूर तालुक्यातील एका गावातून आलेल्या अकरावीच्या विद्यार्थिनीने गेल्या पावसाळ्यात रुमालात गुंडाळलेला आर्डुइनो नॅनो, म्हणजे सेन्सर आणि मोटारी जोडून प्रोग्रॅमने चालवता येणारा छोटा सर्किट बोर्ड, माझ्यासमोर ठेवला. वडिलांच्या उसाच्या शेतातील मातीचा ओलावा मोजायचे तिने मनावर घेतले होते. दोन दिवस ती बोर्ड लॅपटॉपला जोडून पाहत होती. बोर्डवरचा लाल दिवा लागत होता, आणि तरीही काहीच जोडलेले नसावे तसा लॅपटॉप गप्प बसून होता. पुढे तासाभरात जे कळले ते असे, की बोर्डात काहीही बिघाड नव्हता. केबल चुकीची होती; केबल बदलल्यावर ड्रायव्हर (बोर्डशी बोलण्यासाठी संगणकाला लागणारा छोटा प्रोग्रॅम) नसल्याचे दिसले; ड्रायव्हर बसवल्यावर सॉफ्टवेअरमधील एक निवड चुकल्याचे दिसले. तीन अडथळे एकामागे एक उभे होते, आणि पहिला दूर झाल्याशिवाय दुसरा दिसणे शक्यच नव्हते.

हा लेख तिच्यासारख्यांसाठी आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांत मराठी माध्यमात शिकून पुढे डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला जाणारी अनेक मुले हे बोर्ड स्वतःच्या पैशांनी विकत घेतात, आणि संगणकाने पहिल्याच दिवशी नकार दिला की पडद्यावरचा इंग्रजी संदेश न वाचताच दुसरा बोर्ड मागवतात. माझ्याकडे 'गेलेला' म्हणून येणारा बोर्ड बहुतेक वेळा धडधाकट असतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हणून कोणत्या क्रमाने तपासावे, हे मी येथे जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी समजून घ्यायचे: संगणक बोर्डला कसा ओळखतो

यूएसबीची साधी केबल आतून चार तारांची असते. लाल तारेतून ५ व्होल्ट येतात, काळी तार ग्राउंडची असते, आणि पांढरी व हिरवी या दोन तारांमधून माहितीची देवाणघेवाण होते. केबल जोडल्यावर प्रथम बोर्डला वीज मिळते. त्यानंतर बोर्डवरची यूएसबीची चिप संगणकाला आपली ओळख सांगते. या ओळखीत बनवणाऱ्या कंपनीचा एक क्रमांक आणि वस्तूचा एक क्रमांक असतो. ते क्रमांक पाहून संगणक योग्य ड्रायव्हर शोधतो, ड्रायव्हर मिळाला की बोर्डला एक पोर्ट क्रमांक (कॉम ३ असा, माहितीच्या वाटेचा क्रमांक) देतो, आणि मग आर्डुइनोचे सॉफ्टवेअर तो पोर्ट उघडून बोर्डवरच्या मुख्य चिपमधील बूटलोडर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमशी बोलू लागते.

वीज, ओळख, ड्रायव्हर, पोर्ट आणि बूटलोडर अशी ही साखळी आहे. दिवा लागला याचा अर्थ फक्त पहिली कडी शाबूत आहे, इतकाच घ्यावा. नवशिक्याची सर्वांत मोठी गफलत येथेच होते: दिवा लागलेला पाहून तो केबलवरचा संशय काढून टाकतो आणि थेट ड्रायव्हरच्या मागे लागतो. तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलल्यावर काय फरक पडला हे वहीत लिहून ठेवावे. केबल, सॉकेट आणि ड्रायव्हर असे तिन्ही एकदम बदलले आणि बोर्ड दिसू लागला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पहिली पायरी: बोर्ड मोकळा करा

बोर्डला जोडलेल्या सर्व वायर, सेन्सर, रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच) आणि मोटारी काढून टाका. बोर्ड ब्रेडबोर्डवर (वायर खोचून जोडण्याच्या भोकांच्या पट्टीवर) असेल तर तो उपटून लाकडी टेबलावर किंवा कोऱ्या कागदावर ठेवा. ५ व्होल्टची आणि ग्राउंडची वायर कोठे एकमेकींना चिकटली असेल, तर संगणक स्वतःला वाचवण्यासाठी त्या यूएसबी पोर्टची, म्हणजे सॉकेटची, वीजच बंद करतो. विंडोजमध्ये अशा वेळी पोर्टवर विजेची लाट आल्याचा इशारा दिसतो. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ चा ९०० मिलिअँपिअर वीज देण्यासाठी बनवलेला असतो. गणेशोत्सवाच्या तोंडावर मंडळांची मुले रंग बदलणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या घेऊन येतात, तेव्हा हे गणित मी त्यांच्यासमोर कागदावर मांडतो: अशा पट्टीतील एक दिवा पूर्ण पांढऱ्या प्रकाशात ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, म्हणजे ३० दिव्यांना १.८ अँपिअर लागतात. एवढा भार लॅपटॉपच्या पोर्टवर टाकल्यावर बोर्ड दिसेनासा झाला तर त्यात बोर्डचा दोष नाही. पट्टीला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा आणि दोन्हींचे ग्राउंड तेवढे एकत्र जोडावे.

शेतातील पंपासाठी रिले लावणाऱ्यांना येथे कळकळीने सांगतो, की रिलेच्या दुसऱ्या बाजूला घरची किंवा पंपाची वीज जोडलेली असताना बोर्ड कधीही लॅपटॉपला लावू नका. स्टार्टरच्या डब्यातील वायर सुटून बोर्डला लागली तर लॅपटॉपच नव्हे, माणूसही धोक्यात येतो. आधी मेन स्विच बंद करा, रिले मॉड्यूल पूर्ण वेगळे करा, आणि मगच केबलला हात लावा.

दुसरी पायरी: केबल

मुलांच्या दप्तरात किंवा घरच्या टीव्हीमागे सापडलेली केबल पुष्कळदा फक्त चार्जिंगची असते. ब्लूटूथ स्पीकर, दाढीचे यंत्र, टेबललॅम्प, स्वस्त पॉवर बँक यांच्यासोबत येणाऱ्या अनेक केबलींमध्ये लाल आणि काळी या दोनच तारा असतात. पांढरी आणि हिरवी तार बनवणाऱ्याने घातलेलीच नसते. बाहेरून दोन्ही केबल अगदी सारख्या दिसतात. त्या विद्यार्थिनीच्या नॅनोला मिनी यूएसबीचे सॉकेट होते, आणि घरात त्याला बसणारी एकच केबल होती, ती जुन्या स्पीकरची. ती कापून पाहिली, तेव्हा काळ्या आवरणाच्या आत दोनच तारा निघाल्या. तिने त्या बोटात धरून बराच वेळ पाहिल्या. ते दोन तुकडे मी अजून जपून ठेवले आहेत, कारण नव्या मुलांना ते दाखवले की निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

केबल न कापता तपासण्याचा सोपा उपाय असा. मायक्रो यूएसबी किंवा टाइप सी केबल असेल, तर तिने एखादा अँड्रॉइड फोन संगणकाला जोडा. फोनचे कुलूप उघडल्यावर फाइल पाठवण्याचा पर्याय दिसला आणि संगणकात फोन उघडता आला, तर केबलमध्ये माहितीच्या तारा आहेत. फोन फक्त चार्ज होत राहिला, तर फोनची यूएसबी सेटिंग पाहून घ्या, आणि तरीही काही दिसले नाही तर ती केबल बाजूला ठेवा. मिनी यूएसबीसाठी जुना डिजिटल कॅमेरा किंवा कार्ड रीडर लावून हीच तपासणी करता येते. बेळगावच्या बाजारात नवी केबल घेताना दुकानदाराशी मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला किंवा हिंदीत बोला, 'डेटा केबल' हा शब्द तिन्हींत तोच आहे. तो स्पष्टपणे उच्चारून मागा आणि शक्य असल्यास दुकानातच फोन लावून पाहा. लांबी एक मीटर किंवा त्याहून कमी असावी.

टाइप सी सॉकेट असलेल्या स्वस्त बोर्डांचा एक विशेष दोष येथे सांगितला पाहिजे, कारण हल्ली तो वारंवार भेटतो. दोन्ही टोकांना टाइप सी असलेल्या केबलवर संगणकाने वीज द्यावी, यासाठी बोर्डच्या सॉकेटजवळ ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर असावे लागतात. पैसे वाचवण्यासाठी काही उत्पादक ते लावत नाहीत. असा बोर्ड टाइप सीच्या दुहेरी केबलवर पूर्ण निर्जीव वाटतो, दिवासुद्धा लागत नाही; आणि तोच बोर्ड एका टोकाला जुने चौकोनी यूएसबी असलेल्या केबलवर लगेच जागा होतो.

केबल ठीक असेल तर संगणकावरचे दुसरे सॉकेट वापरून पाहा. मध्ये हब असेल तर तो काढा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या बाजूच्या सॉकेटऐवजी मागचे, थेट मदरबोर्डवरचे सॉकेट वापरा, कारण पुढच्या सॉकेटची आतली वायर अनेकदा सैल असते. शक्य असल्यास मित्राच्या संगणकावर तोच बोर्ड त्याच केबलने लावून पाहा. तेथे दिसला, तर बोर्ड आणि केबल दोन्ही निर्दोष ठरतात आणि शोध तुमच्या संगणकापुरता उरतो.

तिसरी पायरी: संगणक काय म्हणतो ते वाचा

विंडोजमध्ये स्टार्ट बटनावर उजवे क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. बोर्ड अजून लावू नका. यादी नीट पाहून घ्या, विशेषतः पोर्ट्स हा भाग. तेथे कॉम १ दिसत असेल तर तो बहुधा संगणकाचा स्वतःचा जुना पोर्ट असतो, बोर्डचा नव्हे. आता आवाज चालू ठेवून, यादीवर नजर ठेवून बोर्ड लावा. नवे उपकरण आल्याचा आवाज होतो का, यादी क्षणभर लुकलुकते का, आणि नवी ओळ कोठे उमटते, या तीन गोष्टी टिपून घ्या. नंतर बोर्ड काढा आणि कोणती ओळ नाहीशी होते ते पाहा. जी ओळ बोर्डसोबत येते आणि बोर्डसोबत जाते, ती तुमच्या बोर्डची. पुढचा सारा निर्णय या एका निरीक्षणावर अवलंबून आहे, म्हणून ते घाईत उरकू नका. दोन-तीनदा लावून-काढून खात्री करा.

काहीच आवाज नाही, यादीही हलली नाही, तर ओळख सांगण्याची पायरीच आलेली नाही. अशा वेळी ड्रायव्हर शोधत बसणे व्यर्थ आहे. केबल, संगणकाचे सॉकेट आणि बोर्डचे यूएसबी सॉकेट याच तीन ठिकाणी पुन्हा परता.

यादीत 'अननोन यूएसबी डिव्हाइस' अशी ओळ आली आणि तिच्या गुणधर्मांत कोड ४३ दिसला, तर संगणकाला कोणीतरी आल्याचे कळले, पण त्याचे बोलणे नीट ऐकू आले नाही, असे समजा. कारण बहुधा वाईट केबल, गंजलेले किंवा सैल सॉकेट, अपुरी वीज, अथवा यूएसबी चिपचा खरा बिघाड हे असते. मी येथे पुन्हा केबलपासून सुरुवात करतो, मग दुसरा संगणक, आणि त्यानंतरच चिपवर संशय घेतो.

'अदर डिव्हायसेस' या भागात पिवळ्या त्रिकोणासह 'यूएसबी सीरियल' किंवा 'सीपी२१०२' (यूएसबीच्या एका चिपचे नाव) असे नाव आले आणि कोड २८ दिसला, तर ती चांगली बातमी आहे. बोर्ड जिवंत आहे, केबल योग्य आहे, फक्त ड्रायव्हर बसवलेला नाही.

आणि पोर्ट्स या भागात 'सीएच३४०' (अशीच दुसरी चिप) किंवा 'आर्डुइनो उनो' (आर्डुइनोचाच नॅनोहून मोठा बोर्ड) अशा नावासमोर कॉम ३, कॉम ५ असा क्रमांक आला, तर संगणकाने बोर्ड ओळखला आहे. आता अडचण असलीच तर ती आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बूटलोडरमध्ये आहे. मग मधली पायरी सोडून थेट पाचव्या पायरीकडे जा.

चौथी पायरी: चिप ओळखा, मग ड्रायव्हर बसवा

ड्रायव्हर यूएसबीच्या चिपचा असतो. 'नॅनोचा ड्रायव्हर' असे शोधणाऱ्याला नको ती संकेतस्थळे भेटतात, म्हणून चिपच्या नावाने शोधा. आर्डुइनोचा आराखडा खुला असल्यामुळे तोच बोर्ड अनेक उत्पादक बनवतात आणि यूएसबीसाठी स्वस्त चिप लावतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने चिपचा जवळून फोटो काढा आणि तो मोठा करून वाचा. मिनी यूएसबीच्या स्वस्त नॅनोत बोर्ड उलटा केला की पोटाशी एक लांबट, दोन्ही बाजूंना आठ-आठ पाय असलेली चिप दिसते, तिच्यावर 'सीएच३४०जी' असे कोरलेले असते, आणि तिच्या शेजारी १२ मेगाहर्ट्झचा चकचकीत क्रिस्टल बसलेला असतो. ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या चिपच्या पुष्कळ बोर्डांवर सुमारे पाच मिलिमीटरची, बाहेर पाय न दिसणारी चौकोनी चिप असते, ती सीपी२१०२. मूळ उनोमध्ये यूएसबीसाठी एटीमेगा १६यू२ ही वेगळी चिप असते, आणि तिच्यासाठी विंडोज १० पासून पुढे स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही.

अक्षरे पुसट असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ओळीचे गुणधर्म उघडून तपशिलांत हार्डवेअर आयडी पाहा. १ए८६ आणि ७५२३ ही जोडी म्हणजे सीएच३४०. १०सी४ आणि ईए६० म्हणजे सीपी२१०२. ०४०३ आणि ६००१ म्हणजे एफटीडीआयची एफटी२३२. २३४१ हा क्रमांक आर्डुइनोचा स्वतःचा आहे. हे आकडे बोर्डच्या डब्यावरील नावापेक्षा अधिक विश्वासाचे आहेत.

संगणक इंटरनेटला जोडलेला असेल तर विंडोज १० आणि ११ सीएच३४० चा ड्रायव्हर अनेकदा स्वतःच आणतात. पाच-दहा मिनिटे वाट पाहा, विंडोज अपडेटमधील ऐच्छिक अपडेटची यादीही पाहा. तरीही आला नाही, तर सीएच३४० साठी डब्ल्यूसीएच या उत्पादकाच्या आणि सीपी२१०२ साठी सिलिकॉन लॅब्जच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. 'सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' असे आश्वासन देणारे सॉफ्टवेअर कृपया बसवू नका. त्यातून आलेल्या नको त्या प्रोग्रॅमांमुळे मंद झालेले लॅपटॉप मला नंतर साफ करावे लागले आहेत. ड्रायव्हर बसवताना बोर्ड काढून ठेवा, बसवून झाल्यावर संगणक एकदा बंद करून सुरू करा, आणि मग बोर्ड लावा. कॉलेजच्या लॅबमधील संगणकावर ड्रायव्हर बसवण्याची परवानगी विद्यार्थ्याच्या खात्याला नसते, तेथे लॅब सहायकाला विनंती करावी लागते. विनंती करताना चिपचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले की काम लवकर होते.

नकली चिपचाही एक प्रश्न आहे. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या ड्रायव्हरच्या एका आवृत्तीने आपल्या नकली चिपांचा वस्तू क्रमांक शून्य करून टाकला होता, आणि त्यामुळे काल चालणारे बोर्ड आज दिसेनासे झाले. पीएल२३०३ या चिपच्या जुन्या व नकली आवृत्त्यांनाही नवा ड्रायव्हर नाकारतो आणि तसे ओळीच्या नावातच लिहून दाखवतो. म्हणून अपडेटनंतर अचानक बोर्ड बंद पडला, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेऊन पाहणे हा रास्त प्रयोग आहे.

लिनक्स वापरणाऱ्यांना सीएच३४० आणि सीपी२१०२ साठी काही बसवावे लागत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. पण दोन अडचणी नेमक्या येतात. पहिली परवानगीची: पोर्ट दिसतो, पण उघडत नाही. उबंटूमध्ये तुमचे खाते 'डायलआउट' या गटात घालून घ्या आणि लॉग आउट करून पुन्हा आत या. नुसते टर्मिनल बंद करून भागत नाही. दुसरी अडचण उबंटू २२.०४ मध्ये पुष्कळांना भेटली: अंधांसाठीच्या ब्रेल पडद्याची 'बीआरएलटीटीवाय' ही सेवा सीएच३४० ला आपलेच उपकरण समजून ताब्यात घेते, आणि पोर्ट एक क्षण दिसून नाहीसा होतो. संगणकावर ब्रेल पडदा कोणी वापरत नसेल तरच ती सेवा काढून टाका. मॅकवर, विशेषतः ॲपलच्या नव्या चिपच्या लॅपटॉपवर, उपकरण जोडू द्यायचे का असा प्रश्न पडद्यावर येतो. त्याला परवानगी दिली नाही तर बोर्ड दिसत नाही.

पाचवी पायरी: पोर्ट दिसतो, पण प्रोग्रॅम जात नाही

आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये टूल्स मेनू उघडा. तेथे बोर्ड आणि पोर्ट अशा दोन स्वतंत्र निवडी आहेत, आणि दोन्ही बरोबर असाव्या लागतात. पोर्टच्या यादीत तोच क्रमांक निवडा, जो डिव्हाइस मॅनेजरमध्ये बोर्डसोबत येत-जात होता. बोर्डची माहिती मागितल्यावर 'अननोन बोर्ड' असे उत्तर आले तर घाबरू नका. सीएच३४० असलेल्या बोर्डांना आपले नाव सांगता येत नाही, त्याने काही बिघडत नाही.

आमच्या विद्यार्थिनीचा तिसरा अडथळा येथे होता. पोर्ट दिसत होता, अपलोड दाबल्यावर बोर्डवरचे छोटे दिवे दोनदा चमकत होते, आणि मग 'नॉट इन सिंक' असा संदेश दहा वेळा उमटत होता. याचा अर्थ संगणक बोलतो आहे, पण समोरून अपेक्षित उत्तर येत नाही. अनेक स्वस्त नॅनोंमध्ये जुना बूटलोडर असतो, जो सेकंदाला ५७६०० बिट या वेगाने बोलतो, तर सॉफ्टवेअरमधील नेहमीच्या निवडीचा वेग ११५२०० असतो. दोघे वेगवेगळ्या वेगाने बोलत असल्यामुळे एकाचे दुसऱ्याला कळत नाही. टूल्समधील प्रोसेसर या मेनूत 'ओल्ड बूटलोडर' हा पर्याय निवडला, आणि पुढच्याच प्रयत्नात तेरा क्रमांकाच्या पिनचा दिवा सेकंदा-सेकंदाने लुकलुकू लागला.

'ॲक्सेस डिनाइड' असा संदेश आला तर तो पोर्ट दुसऱ्या कोणत्या तरी प्रोग्रॅमने धरून ठेवला आहे. उघडी राहिलेली सीरियल मॉनिटरची (बोर्डशी अक्षरांची देवाणघेवाण करण्याची) दुसरी खिडकी किंवा थ्रीडी प्रिंटरचे सॉफ्टवेअर हे नेहमीचे कारण असते. तसेच ० आणि १ या पिनांना काही जोडलेले असेल तर ते काढा, कारण उनो आणि नॅनोमध्ये यूएसबीचे बोलणे त्याच पिनांवरून जाते.

ईएसपी३२ मध्ये 'कनेक्टिंग' या शब्दापुढे टिंबे उमटू लागली आणि पुढे काहीच होत नसेल, तर बोर्डवरचे बूट हे बटन दाबून धरा आणि लिहिण्याची टक्केवारी दिसू लागल्यावर सोडा. रास्पबेरी पाय पिको मात्र बूटसेल बटन दाबून धरूनच केबलला लावावा लागतो. मग तो पेन ड्राइव्हसारखा उघडतो. लिओनार्डो आणि प्रो मायक्रो या बोर्डांत यूएसबीचे काम मुख्य चिपच करते, त्यामुळे तुमच्याच चुकीच्या प्रोग्रॅममुळे पोर्ट गायब होऊ शकतो. रीसेटचे बटन झटपट दोनदा दाबले की बूटलोडर सुमारे आठ सेकंद जागा राहतो. तेवढ्यात पोर्ट निवडून अपलोड उरकावे लागते.

एवढे करूनही दिसला नाही तर

आता बोर्डकडे वळा. यूएसबी सॉकेट बोटाने अगदी हलके हलवून पाहा. मायक्रो यूएसबीचे सॉकेट अनेक बोर्डांवर केवळ सोल्डरच्या टाक्यांवर तोललेले असते, आणि केबल वाकडी ओढली गेली की त्याचे टाके तडकतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात महिनोन्‌महिने दमट राहणाऱ्या घरांत सॉकेटच्या आत हिरवट गंज चढलेला मी पाहिला आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ टूथब्रशने तो साफ करा आणि पूर्ण वाळू द्या. साठवताना बोर्ड घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा.

मल्टिमीटर असेल तर ५ व्होल्ट आणि ग्राउंड या पिनांमधील दाब मोजा. नॅनोत मध्ये एक डायोड असल्यामुळे ४.६ किंवा ४.७ व्होल्ट दिसले तरी ते ठीक आहे. उनोमध्ये ५०० मिलिअँपिअरचा आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो. शॉर्टनंतर बोर्ड बंद वाटला तर केबल काढून काही मिनिटे थांबा आणि पुन्हा लावा.

पोर्ट दिसतो, पण प्रोग्रॅम कशानेच जात नाही, अशा उनो-नॅनोसाठी एक निर्णायक चाचणी आहे. बोर्ड संगणकापासून काढा. रीसेटची पिन एका वायरने ग्राउंडला जोडा, म्हणजे मुख्य चिप झोपलेली राहील. दुसऱ्या वायरने ० आणि १ या पिना एकमेकींना जोडा. आता बोर्ड लावून सीरियल मॉनिटर उघडा आणि काही अक्षरे टाइप करून पाठवा. तीच अक्षरे परत आली, तर केबल, ड्रायव्हर आणि यूएसबी चिप या तिन्हींना निर्दोष समजा. दोष मुख्य चिपमध्ये किंवा तिच्या बूटलोडरमध्ये आहे. बूटलोडर दुसऱ्या उनोच्या मदतीने पुन्हा भरता येतो, त्यासाठी 'आर्डुइनो ॲज आयएसपी' हा प्रोग्रॅम सॉफ्टवेअरच्या उदाहरणांतच दिलेला आहे.

उलट, वेगवेगळ्या केबलींवर आणि दोन संगणकांवर कोड ४३ च येत असेल, तर यूएसबी चिप गेलेली असण्याची शक्यता मोठी. तरीही बोर्ड फेकू नका, कारण मुख्य चिप बहुधा शाबूत असते. यूएसबी चिपचेच काम बाहेरून करणारे, यूएसबी ते टीटीएल असे छोटे मॉड्यूल घ्या. त्याचे ५ व्होल्ट बोर्डच्या ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, टीएक्स ही माहिती पाठवणारी पिन बोर्डच्या ० क्रमांकाच्या पिनेला आणि आरएक्स ही घेणारी पिन १ क्रमांकाच्या पिनेला जोडा. मॉड्यूलची डीटीआर पिन (अपलोडच्या वेळी बोर्डला रीसेट करणारी) ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेटला द्या. कपॅसिटर जवळ नसेल, तर सॉफ्टवेअरमध्ये अपलोडिंग असा शब्द उमटताक्षणी रीसेटचे बटन हाताने दाबून सोडा. वेळ जुळायला तीन-चार प्रयत्न लागतात. ईएसपी३२ वर हीच जोडणी करताना मॉड्यूलवरचा जंपर आधी ३.३ व्होल्टवर न्या, कारण त्याच्या पिना ५ व्होल्टसाठी बनवलेल्या नाहीत.